पावाला वास नाही

२ फेब्रुवारी

ठमे,

काल फोनवर धड बोलले नाही म्हणून फुगून बसू नकोस. अप्पा शेजारी येऊन बसले की फोन त्यांच्या मालकीचा होतो. तुझे वडील म्हणून सांगते, माझे सासरे म्हणून नाही: त्यांना ऐकू येत नाही, पण ऐकायची हौस काही गेलेली नाही. प्रत्येक वाक्यानंतर "काय म्हणाली ती?" मग मी तुझ्याशी बोलू की त्यांना भाषांतर करून सांगू? आणि तुझ्या त्या वॉर्डात मोबाईल चालत नाही. तेव्हा पत्रच बरं. पत्राला निदान मधे कोणी टोकत नाही.

तुझ्या भावाला महिनाअखेरीला घरी सोडणार! रविवारी भेटायला आले होते तेव्हा डॉक्टरांनीच सांगितलं. माझा विश्वास बसेना, म्हणून पुन्हा विचारलं. ते हसले. दीड वर्षानंतर तुमच्या त्या मनोरुग्णालयातलं कोणी माझ्याकडे बघून हसलं, ठमे.

हॉस्पिटलात पेशंट काम करतात त्या बेकरीमागच्या बाकावर आम्ही दोघं बसलो होतो. एप्रनवर पीठ, कानामागे पेन्सिल, अगदी पूर्वीसारखा. भट्टीतून काढलेला पाव माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "आधी वास घे, मग खा." आमच्या पावाच्या दुकानात नव्या माणसाला पहिल्या दिवशी तो हेच सांगायचा. घड्याळ बघू नका, वास आला की पाव झाला. मला रडूच आलं. मग त्याने विचारलं, "एवढा वाईट झालाय का?"

आणि ते जुने दिवस आठवले. घरातलं पाणी प्यायचा नाही, कोणीतरी काहीतरी मिसळतंय म्हणायचा. तेव्हा त्याच्यासोबत राहून राहून मलाही पाणी कडू लागायला लागलं होतं. वेड्यासारखी मी ते डॉक्टरांना सांगूनही बसले. त्यांनी ज्या नजरेने माझ्याकडे पाहिलं, ती आठवली की अजून अंगावर काटा येतो.

असो. दुकानामागची खोली रंगवायला काढली आहे, त्याला पहाटे उठून थेट भट्टीशी जाता येईल. मला जबरदस्त सर्दी झाली आहे. त्या दिवशी बसभर शिंकत आले. पेपरात त्या नव्या रोगाचं काय काय छापून येतं, पण तो तिकडे लांब. आपल्याकडे ही हवाच तशी आहे. तुझ्या भावाने स्वतःच्या रुमालाने माझं नाक पुसलं आणि म्हणाला, "मी बरा झालो, आता तू आजारी पड."

तो घरी आल्यावर मी कसं वागायचं, तेवढं मात्र कळव. जास्त काळजी केली तर चिडतो, नाही केली तर रुसतो.

तुझी वहिनी

१९ फेब्रुवारी

वहिनी,

उभ्या उभ्याच लिहिते आहे. एकदम सांगते, म्हणजे माझीही सुटका होईल. दादाला सोडत नाहीत.

तुला माहीत आहे, मी बायकांच्या वॉर्डची. नातेवाईक ज्या वॉर्डात असेल तिथे नर्सला ड्यूटी देत नाहीत, तसा नियमच आहे. पण गेल्या आठवड्यापासून निम्मा स्टाफ ताप-खोकल्याने घरी बसलाय आणि माणसं कमी पडली की नियमही रजेवर जातात. मला पुरुषांच्या बाजूला टाकलं.

बुधवारी दादाने पावाचा अख्खा ट्रे जाळला. बेकरीभर धूर. बेकरीचे मास्तर धावत आले तर हा भट्टीच्या तोंडाशीच उभा, शांत. म्हणाला, "वास आलाच नाही." आणि हा आपला दादा, वहिनी! ज्याला गल्लीच्या टोकावरून कळायचं की आपला पाव जास्त भाजला जातोय! दुसऱ्या दिवशी ताट बाजूला सारलं. "यात काही नाही. कोणीतरी काढून घेतलंय." मी विचारलं, काय काढून घेतलंय? म्हणाला, "ते मला काय माहीत? तू इथे काम करतेस, तू सांग."

मागच्या वेळी सुरुवात अशीच झाली होती. तेव्हा मिसळत होते, आता काढून घेतायत. एवढाच फरक.

ड्यूटीवर मी होते, म्हणजे रिपोर्टही मलाच लिहावा लागला. माझ्याच हाताने. डॉक्टरांनी वाचला, घरी सोडणं थांबवलं, गोळ्या वाढवल्या. म्हणाले, लवकर लक्षात आलं हे चांगलं झालं. मला चांगलं काही वाटेना. गोळ्या द्यायला गेले तेव्हा दादाने विचारलं, "ठमे, तुला येतो का गं वास?" मी म्हटलं, येतो ना. तो म्हणाला, "मग माझ्या वाटणीचाही तूच घे," आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

तू ये. तू समोर बसलीस की तो सरळ बोलतो.

ठमी

४ मार्च

ठमे,

तुझं पत्र मिळालं. डॉक्टर म्हणतात तर तसंच असेल.

इतक्यात माझं येणं होत नाही. बसगाड्या बंद होणार म्हणतात. अप्पांना एकटं ठेवता येत नाही. त्याला सांग की... नको, काही सांगू नकोस.

सहज एक विचारते. असले डोक्याचे आजार माणसाजवळ राहून दुसऱ्याला लागतात का? म्हणजे नवऱ्याचा बायकोला वगैरे? शेजारची विचारत होती.

मागची खोली भाड्याने द्यावी म्हणते.

वहिनी

११ जुलै

वहिनी,

चार महिने तुझी एक ओळ नाही. फोन केला की "बरं" आणि "हो". मीही मग हट्टाने लिहिलं नाही. सगळं बंद होतं ही सबब होतीच. खोली भाड्याने द्यायचं वाचून माझ्या मनात तुझ्याबद्दल काय काय आलं ते लिहीत नाही. दमली असशील, एवढंच समजते. आणि तुझ्या त्या शेजारणीला सांग, असले आजार लागत नसतात. नसत्या चौकशा करू नये म्हणावं.

इकडची गंमत ऐक. गंमत म्हणायची की डोक्याला ताप, ते तू ठरव.

आमच्या सगळ्या स्टाफची रक्ततपासणी झाली. अँटिबॉडीची. म्हणजे तो रोग अंगात येऊन गेला असेल तर रक्तात त्याची खूण राहते, ती शोधतात. प्रयोगशाळेतली एक बाई आली, खेळांच्या खोलीत टेबल मांडलं आणि डॉक्टरपासून वॉचमनपर्यंत सगळे बाह्या वर करून रांगेत. पेशंट खिडकीतून बघून हसत होते. रोज आम्ही त्यांना सुया टोचतो, त्या दिवशी त्यांना बघायला मिळालं.

निकाल आले आणि सगळ्यांच्याच डोक्याचं भजं झालं. आमच्या मोठ्या सिस्टर एप्रिलमध्ये तापाने फणफणल्या होत्या. त्यांना तोच रोग झाला म्हणून त्यांची खोली धुऊन काढली होती. त्या निगेटिव्ह. गेटवर दिवसभर एकटा बसणारा वॉचमन पॉझिटिव्ह. आणि मी, वर्षभरात एक शिंक नाही, डोकं दुखलं नाही, मी पॉझिटिव्ह! डॉक्टर निगेटिव्ह आले. त्यांना वाईट वाटलं की बरं वाटलं ते त्यांच्या तोंडावरून कळेना, पण त्यांचं काहीच कळत नाही. आमच्या समुपदेशक बाई, ज्या दिवसभर लोकांना "स्वीकारा, स्वीकारा" सांगतात, त्या स्वतःचा कागद घेऊन बाथरूममध्ये जाऊन रडल्या. पॉझिटिव्ह आल्या म्हणून का निगेटिव्ह आल्या म्हणून, विचारायचा कोणाला धीर झाला नाही.

आता मी पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं का वाईट, हे कोणी सरळ सांगेल तर शपथ. कँटीनमध्ये एक जण म्हणते, माझ्याजवळ बसू नकोस. दुसरी म्हणते, तुला होऊन गेलाय, आता तापाच्या खोलीतल्या सगळ्या ड्यूट्या तूच कर. मला कधी झाला? कुठे झाला? माझ्याकडून कोणाला गेला? रात्री याच विचाराने झोप उडते. बाई म्हणाली, तारीख सांगणारी टेस्ट अजून निघाली नाही.

दादा आहे तसा आहे. जाड झालाय. फार झोपतो.

ठमी

३० जुलै

ठमे,

अप्पांना सांगितलं की ठमी पॉझिटिव्ह आली, तर त्यांनी रडायला सुरुवात केली. मग समजावलं की होऊन गेलाय, आता काळजी नाही, तर खिडकीत जाऊन समोरच्याला ओरडून सांगितलं, "माझी मुलगी पॉझिटिव्ह आली!" जणू तुझा परीक्षेत नंबर आला. समोरच्याने खिडकी लावून घेतली आणि चार दिवस आमच्या दुकानात पाव घ्यायला कोणी फिरकलं नाही.

खरं सांगायचं तर मलाही काही नीट कळलं नाही. ज्याला ताप आला त्याला झाला नव्हता आणि ज्याला काहीच झालं नाही त्याला झाला होता? मग झालं होतं म्हणजे काय, ठमे? आणि तुमच्यातल्या कोणाचं नाकबिक काही झालं होतं का? उगाच विचारते. पेपरात काहीबाही छापून येतं.

आता दुसरं. डॉक्टरांचा फोन आला होता. सहा महिन्यांत काही फरक नाही, तर त्याला कायम राहणाऱ्यांच्या विभागात हलवावं असं त्यांचं मत आहे. तिथे गेलेला माणूस परत घरी येत नाही, हे तूच मला एकदा सांगितलं होतंस, आठवतं? माझी सही लागेल. कागद पोस्टाने येतोय.

मी सही करावी असं मला वाटतं. वाईट समजू नकोस. घरी आणून मला झेपलं नाही तर? अप्पांचं कोण करेल? मला काय वाटतं, कशाची भीती वाटते, ते मला लिहिता येत नाही.

वहिनी

१४ ऑगस्ट

वहिनी,

सही करू नकोस. आधी हे वाच.

तू नाकाचं विचारलंस आणि मी हसून सोडून दिलं होतं. गेल्या आठवड्यात स्टाफ मीटिंगमध्ये पॉझिटिव्ह आलेल्यांना विचारत होते, कोणाला काय त्रास झाला होता. बेकरीचे मास्तर उठले. तेही पॉझिटिव्ह. म्हणाले, "मला फेब्रुवारीत पंधरा-वीस दिवस कशाचाच वास येत नव्हता. लाजेने बोललो नाही, बेकरीवाल्याने असं कसं सांगायचं?" मी विचारलं, मग तो ट्रे जळाला तेव्हा? म्हणाले, "मला कुठे वास आला? मी धूर बघून धावलो."

त्या दिवशी त्या भट्टीसमोर दोन माणसं होती, दोघांनाही वास आला नाही. एकाला आम्ही मास्तर म्हणतो, म्हणून तो गप्प बसला आणि सुटला. दुसरा बोलला.

तशीच डॉक्टरांकडे गेले. ते वाईट नाहीत, वहिनी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, असूही शकतं. पण मास्तरांचं नाक महिन्याभरात ठीक झालं, तुमच्या भावाचं अजून तेच चाललंय. आणि मास्तरांना आधी कधी पाण्यात विष दिसलं नव्हतं. मी म्हटलं, मग दादाची टेस्ट करा. तर टेस्ट फक्त स्टाफसाठी आल्यात.

मग मी एक केलं. प्रयोगशाळेतली बाई राहिलेल्यांचं रक्त घ्यायला आली, तिला म्हटलं, हा बेकरीत काम करतो, एप्रन घालतो, रोज वॉर्डांना पाव देतो, हा कामगार नाही तर कोण? तिने माझ्याकडे बघितलं, दादाकडे बघितलं आणि घेतलं रक्त. दादा खुशीत. म्हणाला, "इथे मला पहिल्यांदाच कोणी कामावर घेतलं."

निकाल निगेटिव्ह.

बाई म्हणते, खूप महिने झाले, खूण पुसली गेली असेल. किंवा मुळात झालाच नसेल. दोन्ही खरं असू शकतं. मग टेस्ट कशाला करायची, असं मी ओरडलेच तिच्यावर. डॉक्टरांनी नुसता चष्मा पुसला. आता मला काहीच कळेनासं झालंय. एक दिवस वाटतं आम्ही त्याच्यावर अन्याय केला, दुसऱ्या दिवशी वाटतं बहीण आहे म्हणून मलाच तसं वाटतंय. त्यातून हा आता म्हणतो की वास यायला लागला, पण भलताच. पावाला जळक्या रबराचा वास येतो, साबणाला कुजक्या भाजीचा. आता हे त्या रोगाचं की याच्या रोगाचं?

डॉक्टर दर आठवड्याला विचारतात, "जेवणाला नीट वास येतो का?" मी दादाला हळूच सांगितलं, हो म्हण आणि मोकळा हो. तर म्हणाला, "ठमे, मागच्या वेळी मी खोटं बोलायचो म्हणूनच तुम्ही मला इथे आणलंत ना?"

मी कात्रीत सापडले आहे. पण सही करू नकोस.

ठमी

२७ ऑगस्ट

ठमे,

शेजारीण वगैरे कोणी नव्हतं. मीच विचारत होते.

तुझ्या भावाला भेटून आले, फेब्रुवारीत सर्दी गेली आणि त्यासोबत नाकही गेलं. आधी कळलंच नाही. एक दिवस पावाचा अख्खा घाणा कोळसा झाला, मी गल्ल्यावर बसून होते, रस्त्यावरचं गिऱ्हाईक आत येऊन म्हणालं, बाई, तुमचं दुकान जळतंय. मग एकदा गॅस चालू राहिला. अप्पा आत झोपलेले. वरच्या मजल्यावरची धावत आली, खिडक्या उघडल्या, मला म्हणाली, "तुम्हाला वास येत नाही का हो?" मी म्हटलं, येतो ना, आत्ताच उठत होते.

आणि त्याच आठवड्यात तुझं पत्र आलं. त्याला वास येत नाही, म्हणजे त्याचा आजार उलटला. ते वाचून माझी पाचावर धारण बसली. मागे त्याच्यासोबत मलाही पाणी कडू लागलं होतं. म्हणजे पुन्हा तेच! त्याचंच मला लागलं, आता माझंही डोकं चाललं. कोणाला सांगणार? तुला? तू तर नर्स, लगेच लिहून घेतलं असतंस. मी आत गेले तर अप्पांना कोण बघणार, दुकान कोण? तोंडाला कुलूप लावलं. चहात काही लागायचं नाही तरी "आज छान झालाय" म्हणायचे. तो घरी आला तर मी जास्तच बिघडेन या भीतीने मी त्याला घरी आणत नव्हते, ठमे. दमले म्हणून नाही. हे वाक्य लिहायला मला सहा महिने लागले.

तुझं पत्र वाचताना साबणाच्या ओळीशी थांबले. मलाही साबणाला तसाच घाणेरडा वास येतो. हुबेहूब. आम्हा दोघांना एकच भ्रम होईल, तोही साबणाबद्दल, एवढं आमचं कुठे जमतं?

तुमच्या टेस्टचं काय ते तुम्ही बघा. मला टेस्टची गरज नाही. आधी मी शिंकले, मग त्याने माझं नाक पुसलं. माझ्याकडूनच गेलं त्याला.

कागद आलाय. सही केलेली नाही. बस सुरू झाल्यात. सोमवारी येते. डॉक्टरांना सगळं सांगते.

तुझी वहिनी

१५ सप्टेंबर

ठमे,

आम्ही सुखरूप पोचलो. तुझा भाऊ आत झोपला आहे. अप्पांनी त्याला बघितल्या बघितल्या विचारलं, "इतका उशीर का केलास?" जणू कोपऱ्यावरून पीठ आणायला गेला होता. तो म्हणाला, "बस चुकली."

तुझे पाय धरायला हवेत हे मला कळतं. बसमध्ये मी तेच ठरवत होते. पण घरी आले आणि डोक्यात राग शिरला, तो उतरत नाही. आता लिहूनच टाकते.

त्या खोलीत मी डॉक्टरांसमोर बसले, तोंडावर मास्क, खिडक्या सताड उघड्या. डॉक्टरांनी त्याला विचारलं, वास येतो का. तो म्हणाला, येतो, पण भलताच. मी म्हटलं, डॉक्टर, मलाही तसंच होतं. आणि सगळं सांगितलं, जळलेला घाणा, गॅस, साबण. मला वाटलं, झालं, आता सुटलो. तर डॉक्टरांनी एक कोरा कागद पुढे ओढला आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "तुम्हाला हे केव्हापासून जाणवतंय? घरात आणखी कोणाला असं वाटतं का? मागे पाण्याबद्दलही तुम्ही म्हणाला होतात, आठवतं?"

तो मऊ आवाज माझ्या चांगला ओळखीचा आहे. दोन वर्षांपूर्वी तुझ्या भावाशी ते त्याच आवाजात बोलले होते. मी जितकं समजावून सांगत गेले तितकं ते लिहीत गेले. एकाला सोडवायला आले आणि स्वतःच आत राहते की काय, असं झालं. तुझा भाऊ माझ्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाला, "तू कशाला बोललीस?" डॉक्टर म्हणाले, सात-सात महिने कोणाचं नाक असं राहतं?

तेव्हा तू दारातून बोललीस. हातात औषधांचा ट्रे. "माझं राहिलंय, डॉक्टर. मलाही फेब्रुवारीपासून नीट वास येत नाही. साबणाला तर घाणच येते." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अहो सिस्टर, मग आधी नाही का सांगायचं? तुम्ही तर पॉझिटिव्ह आहात." बस. तो कोरा कागद बाजूला झाला. गोळ्या निम्म्या झाल्या, सोडायचा कागद आला. कोणी काही विचारलंही नाही.

म्हणजे तुलाही येत नव्हता. फेब्रुवारीपासून! त्याने तुला विचारलं होतं, "तुला येतो का गं वास?" आणि तू त्याला तोंडावर सांगितलंस, येतो ना. आणि जाऊन त्याच्यावर रिपोर्ट लिहिलास. मी घाबरले, मी अडाणी, मला काय माहीत. तू नर्स आहेस. मी तुला पोटातलं सगळं लिहिलं, त्यानंतरही तू एक शब्द बोलली नाहीस. नोकरी जाईल म्हणून भ्यायलीस का? तसं असेल तर तसं लिही, मी समजेन. पण सात महिने तो त्या भिंतीकडे तोंड करून झोपला, ठमे.

तो म्हणतो, जाऊ दे, तिला काही बोलू नकोस. मला नाही जाऊ देता येत.

वहिनी

२४ सप्टेंबर

वहिनी,

तुझं पत्र दोन-तीनदा वाचलं. तुझे शब्द मला लागायला हवेत तसेच लागले, पण ज्यासाठी बोललीस ते मी केलं नाही.

माझं नाक कधीच गेलं नव्हतं. फेब्रुवारीतही नाही, आजही नाही. दादाला मी येतो म्हटलं ते खरं होतं. दारात उभी राहून डॉक्टरांना जे सांगितलं, ते खोटं. साबणाचं तुझ्या पत्रातून उचललं.

मी ठरवून काही आले नव्हते. गोळ्या द्यायला चालले होते, दार उघडं होतं. तुझ्यासमोरचा कोरा कागद दिसला आणि तुझा आवाज ऐकला. तू एकच गोष्ट तीन प्रकारे सांगत होतीस, आणि आमच्याकडे जो असं करतो त्याच्याबद्दल आम्ही काय लिहितो ते मला पाठ आहे. मी स्वतः लिहिलंय. तोंडातून निघून गेलं. मला वाटलं, डॉक्टर आता चार प्रश्न विचारतील, मी पकडली जाईन. त्यांनी एकही विचारला नाही. माझ्या रक्ताच्या त्या कागदावर पॉझिटिव्ह आहे ना, आणि अंगावर गणवेश. मला त्याचाच राग येतो. स्वतःचा येतो आणि त्यांचाही येतो. दादाने सात महिने रोज खरं सांगितलं आणि मी त्याला गोळ्या दिल्या.

मग वाटलं, आता तो सुटलाय, डॉक्टरांना जाऊन खरं सांगून टाकावं. दारापर्यंत गेलेही. पण ते मला बघून उठूनच उभे राहिले. म्हणाले, सिस्टर, तुमच्यामुळे माझे डोळे उघडले. वॉर्डातल्या आणखी दोघांनी जेवण बदललंय, जेवण खोटं आहे, असं म्हटलं होतं. एक ते म्हातारे शिंपी आणि एक तो कॉलेजातला. त्यांच्याही वाढवलेल्या गोळ्या ते आता पुन्हा तपासून बघतायत. माझ्या उदाहरणावरून! मी खोटी ठरले तर ते दोघेही खोटे ठरतील. आणि पुढच्या महिन्यात दादाला तपासायला आणायचं आहे, ते तर आहेच. डॉक्टर म्हणाले, काही काम होतं का? मी म्हटलं, नाही.

म्हणजे आता मला वास येत नाही, वहिनी. कधीपर्यंत ते माहीत नाही. कँटीनमध्ये काय शिजतंय हे ओळखायची चोरी झालीये. परवा कोणीतरी म्हणालं, "आज काय मस्त वास सुटलाय," आणि मी हो म्हणता म्हणता जीभ चावली. समुपदेशक बाईंनी मला "गमावलेल्या गोष्टींबद्दल बोलू या" म्हणून वेळ दिली आहे. जावं लागेल.

दादाला हे सांगायचं की नाही, तूच ठरव. माझं म्हणशील तर सांग. तू रागावशील की हसशील मला कळत नाही, पण तो विश्वास ठेवेल.

आज सकाळी स्टाफरूममध्ये फिनेलचा डबा फुटला. अख्खा. सगळ्या नाकाला पदर, रुमाल लावून बाहेर पळाल्या. मीही उठले होते, तेवढ्यात दारात डॉक्टर दिसले, म्हणून परत बसले आणि तापाचे तक्ते भरायला लागले. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ते आत आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका, सिस्टर. येईल हळूहळू." मी मान हलवली आणि लिहीत राहिले.

तुझी ठमी